फिल्म काढू नये

नवीन फोन घेतला की चार माणसं चार गोष्टी विचारतात. फोटो कसे येतात, बॅटरी किती टिकते, जुन्याचं काय केलंस. आमचे भाऊजी एकच विचारतात, "पाडलास का?"

"नाही हो, परवाच घेतलाय."

"मग तुझी आणि त्याची अजून ओळख झालेली नाही," असं म्हणून ते फोन परत देतात. पण देण्याआधी एकदा खालच्या फरशीकडे बघतात. त्यांच्या त्या नजरेची मला धास्ती वाटते. हा माणूस मनातल्या मनात माझा फोन पाडून, उचलून, कानाशी हलवून मोकळा झालेला असतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीसेक माणसांच्या एका कंपनीत ते गेली बावीस वर्षं वस्तू पाडायच्या कामावर आहेत. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'चाचणी पर्यवेक्षक' असा भारदस्त आहे, पण कंपनीत सगळे त्यांना पाडकाका म्हणतात, आणि तसं म्हणताना आता कोणाला हसूही येत नाही. कंपनी हातात धरायचे छोटे संगणक बनवते. फोन नव्हेत. ज्यांना उभ्याउभ्या, चालता चालता, दुसऱ्या हातात भलतंच काहीतरी धरून लिहावं लागतं अशा लोकांसाठीची जाडजूड, बटणांची यंत्रं. पाण्याचे मीटर वाचणारे, गोदामात खोकी मोजणारे, असे लोक.

असं यंत्र कोणीतरी डोकं लढवून तयार करतं. दुसरं कोणीतरी त्याला रूपडं देतं. मग ते एका लांब बोळाच्या टोकाला असलेल्या खोलीत भाऊजींकडे येतं, आणि भाऊजी ते सव्वा मीटर उंचीवरून खाली सोडतात. आधी पाठीवर, मग पोटावर, मग उरलेल्या बाजूंवर, मग आठही कोपऱ्यांवर. लाकडावर, लोखंडावर, फरशीवर. दर वेळी उचलायचं, कानाशी धरून आत काही खुळखुळतंय का ऐकायचं, सुरू करून बघायचं, वहीत टिक करायची आणि पुन्हा पाडायचं.

मी एकदा हौसेने ती खोली बघायला गेलो होतो. एका कोपऱ्यात भट्टी, तिला लागून बर्फाचं कपाट. यंत्र सकाळी भट्टीत, दुपारी बर्फात.

"माणसाला असं केलंत तर तुरुंगात जाल," मी म्हणालो.

"म्हणून तर यंत्राला करतो," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या कोपऱ्यात रबराचं एक बोट एकच बटण दिवसभर दाबत होतं. असं दोन लाख वेळा. शेजारी एक कापडी पिशवी होती, तिच्यात किल्ल्या, नाणी, दोऱ्याचे गुंते, पेन्सिलीचा भुगा आणि बिस्किटाचा चुरा. ही पिशवी म्हणजे म्हणे 'खिसा'. यंत्र तिच्यात घालून दोन दिवस गदगदा हलवायचं. आणि कपाटात एक बाटली होती, तिच्यावर भाऊजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: घाम.

"घाम?"

"कृत्रिम. विकत मिळतो. बटणांना चोळून बघायचा, आकडे पुसले जातात का ते."

घरी येऊन मी ही बातमी ताईला दिली. ती ओट्याशी होती. "बघ!" ती म्हणाली. "मी इथे उभी राहून फुकट गाळते, त्याचं कोणाला काही नाही. आणि ह्यांची कंपनी बाटलीने विकत आणते."

आतल्या खोलीत भाऊजींच्या आई पलंगावर होत्या. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांचा मुक्काम पलंगावर आणि लक्ष घरभर. त्या तिथूनच म्हणाल्या, "बावीस वर्षं हा वस्तू पाडतोय, आणि मोडलं कोण? मी!"

तर ती घामाची बाटली त्या खोलीत पूर्वी नव्हती. बारा वर्षांपूर्वी कंपनीने मीटर वाचणाऱ्यांसाठी एक यंत्र काढलं. रबराच्या बोटाने दोन लाख वेळा दाबूनही बटणांवरचे आकडे जसेच्या तसे. त्या वेळचे मालक घाईत होते. भाऊजींनी सही केली. तीन महिन्यांनी यंत्रं पोती भरभरून परत यायला लागली, कारण रबराच्या बोटाला घाम येत नाही आणि मीटर वाचणाऱ्याला येतो. आकडे पार उडाले होते. अडल्या माणसांनी आपापल्या परीने वाट काढली होती. कोणी बॉलपेनने आकडे गिरवले होते, कोणी चिकटपट्टी लावली होती, आणि एकाने घरातल्या गुलाबी नेलपॉलिशने शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे रंगवले होते, सातला तर सुरेख शेपटी काढून. ते यंत्र भाऊजींनी टेबलाच्या खणात ठेवून दिलं आहे.

कंपनीत प्रत्येक नव्या यंत्राचा एक फॉर्म असतो. त्यावर अकरा सह्यांचे अकरा चौकोन. अकरावा भाऊजींचा. तो रिकामा असेपर्यंत एक खोकंही दाराबाहेर जात नाही. त्या चौकोनात सही करायच्या आधी भाऊजी खण उघडतात, गुलाबी सातकडे बघतात, आणि मग पेनाचं टोपण काढतात.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र अलीकडच्या यंत्राची. घरोघर जाऊन आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या नर्सबायांसाठी कंपनीने एक यंत्र करायला घेतलं. आता मालकांच्या जागी त्यांची मुलगी आहे. ती स्वतः इंजिनियर. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती भाऊजींच्या खोलीत येऊन "काका, एकदा मला पाडू द्या ना" म्हणून मागे लागायची. आता भाऊजी तिला मॅडम म्हणतात, ती अजून त्यांना काकाच म्हणते. तर मॅडमने यंत्राचा पहिला नमुना चार महिन्यांत चालू करून दाखवला. कंपनीत केक कापला. भाऊजी एक तुकडा ताईसाठी रुमालात बांधून घेऊन आले.

"झालं वाटतं यंत्र?" ताईने विचारलं.

"झालं," भाऊजी म्हणाले.

हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. कारण त्यानंतर चौदा महिने उलटले तरी यंत्र कंपनीतच होतं, आणि ताई दर रविवारी न चुकता विचारत होती, "मग? ते झालेलं यंत्र कधी होणार?"

एका रविवारी मीही तिच्या बाजूने तोंड घातलं. "भाऊजी, चार महिन्यांत जी गोष्ट तयार झाली तिला वर चौदा महिने कसले लागतात?"

"एक तयार झालं," भाऊजी म्हणाले. "तीनशे व्हायला पाहिजेत. आणि तीनशेही एकसारखी."

"साचा केला की भराभर पाडायची. बिस्किटं नाही का पाडत?" ताई म्हणाली.

"बिस्किट वाकडं झालं तर कोणाचं औषध चुकत नाही." मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरची वाटी, झाकण आणि चमचा पुढे ओढून आम्हाला समजावलं. बटण कडक होतं, हातमोजे घातलेल्या बोटाला दबेना. म्हणून ते मऊ केलं. मऊ केलं तर कडेने पाणी आत जायला लागलं. म्हणून भोवती रबराची कडी बसवली. कडीमुळे झाकण केसभर उचललं गेलं, बसेना. म्हणून साचा घासून आणला, त्यात तीन आठवडे गेले. नवं झाकण फिट्ट बसलं, पण कोपऱ्यावर पाडलं की तडकलं. कोपरा जाड केला. कोपरा जाड केल्यावर आतली उष्णता बाहेर पडेना, बॅटरी तापायला लागली.

"आणि दर वेळी एक काही बदललं," भाऊजी म्हणाले, "की पाडणं, भाजणं, गोठवणं, घाम, खिसा, सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा पहिल्यापासून?" मी म्हणालो.

"मग? झाकण बदललं म्हणजे ते दुसरं यंत्र झालं."

ताईने झाकण वाटीवर बसवून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या स्वेटरसारखंच की रे. एक बाही लांब झाली म्हणून उसवली, तर खांदा आवळला." तो स्वेटर ताई माझ्यासाठी तीन वर्षं विणत होती. मला भाऊजींचं काम त्या दिवशी समजलं.

पुढे मी त्यावर बराच विचार केला. पहिलं यंत्र ज्याच्या हातात असतं त्याने ते स्वतः बनवलेलं असतं. त्याला त्याचं दुखरं अंग ठाऊक असतं, तो नकळत तिथे बोट लावत नाही. आईच्या मांडीवरच्या पोरासारखं ते यंत्र गुणी वागतं. तीनशेवं यंत्र ज्याच्या हाती पडणार तो माणूस दमलेला असतो, घाईत असतो, त्याचं लक्ष भलतीकडे असतं, आणि खरं सांगायचं तर त्याला यंत्राचं काडीचंही कौतुक नसतं. त्या पहिल्या हातापासून ह्या शेवटच्या हातापर्यंतचं अंतर चालून जायला चौदा महिने लागतात. आणि ते एकट्या माणसाला एका खोलीत बसून चालावं लागतं, जो माणूस कधी दिसणार नाही तो कसा वागेल ह्याचा अंदाज करत.

आता ताईच्या घराबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताई वस्तूंची वेष्टनं काढत नाही. सोफ्याला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक. पाहुणा बसला की खालून चुरचुर आवाज येतो आणि तो बिचारा लाजून उठतो. टीव्हीचा रिमोट तिने आणला त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावला. तो टीव्ही जाऊन चार वर्षं झाली, नवीन टीव्हीला नवीन रिमोट आला, त्यालाही पिशवी मिळाली. जुना रिमोट अजून खणात आहे, कोरा करकरीत. "वस्तू नवी राहते," ताई म्हणते. भाऊजी तिची थट्टा करतात, पण पंचवीस वर्षांत त्यांनीही एका पिशवीचा रबर काढलेला नाही.

संसाराचं वळण माणूस कामावर घेऊन जातो. भाऊजींच्या खोलीत एका कपाटात नर्सच्या यंत्राचे वीस नमुने होते. हाताने जुळवलेले, एकेकाला मॅडमने डोळ्यांत तेल घालून जपलेलं. चाचणीखेरीज ते बाहेरच्या लोकांना दाखवायलाही लागायचे. पडद्यावर ओरखडा आला तर लाज जायची. म्हणून भाऊजींनी कपाटाच्या दारावर लाल शाईने, ठसठशीत अक्षरात एक पाटी लिहून लावली: 'पडद्यावरची फिल्म काढू नये.' कारखान्यातून पडदा येतो तेव्हा त्यावर जी पातळ, पारदर्शक फिल्म असते, ती. चौदा महिने सगळ्यांनी ती पाटी पाळली. काकांची पाटी, कोण मोडणार?

ज्या आठवड्यात हे घडलं तेव्हा मी ताईकडेच मुक्कामाला होतो. तीनशे यंत्रं खोक्यांत भरून तयार होती. नर्स पाठवणाऱ्या संस्थेला ती सोमवारी द्यायची होती. तारीख ह्याआधी दोनदा पुढे गेली होती, आणि संस्थेने स्वच्छ सांगितलं होतं की तिसऱ्यांदा चुकलात तर आम्ही दुसरीकडे जातो. दुसरीकडे गेले असते तर मॅडमला जुळणीची ओळ बंद करावी लागली असती आणि चाळीसातली निम्मी माणसं घरी बसली असती. फॉर्मवर दहा सह्या झाल्या होत्या. मॅडम भाऊजींना म्हणाल्या होत्या, "काका, शुक्रवारी तुमची सही."

भाऊजींनी बुधवारी संध्याकाळी भरलेल्या खोक्यांतलं एक यंत्र परवानगीने घरी आणलं. त्यांची एक शेवटची चाचणी असते: यंत्र अनोळखी हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. अनोळखी हात घरीच येत होता. आईंना बघायला त्याच संस्थेची एक नर्स दिवसाआड सकाळी यायची. सडसडीत, तुरुतुरु चालणारी, खांद्याला भली मोठी बॅग. आईंचं ब्लडप्रेशर ती आधी स्वतःच्या तळहातावर पेनने लिहायची, मग सवडीने वहीत. तिच्या तळव्यावर अशी सकाळभरात पाच-सहा घरं गोळा व्हायची म्हणे.

"सिस्टर, हे जरा वापरून बघा," गुरुवारी सकाळी ती आल्यावर भाऊजी म्हणाले आणि खोकं पुढे केलं.

तिने यंत्र काढलं, सुरू केलं, आईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडे घातले, औषधाची वेळ घातली. "बरं आहे की हो काका! बटणं मोज्यातून दबतात." भाऊजींचा चेहरा उजळला. मग तिने पडदा खिडकीकडे तिरका केला, कपाळाला आठी घातली, फिल्मच्या कोपऱ्यात नख घातलं आणि सर्रकन ओढली.

"अगं बाई!" ताई किंचाळली.

"काय मोडलं आता?" आई म्हणाल्या.

पडदा काळा झाला होता.

नर्सने जीभ चावली. "काका, मी बिघडवलं का?"

"नाही, नाही," भाऊजी म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. काही नाही. अर्धा मिनिट दाबून धरलं, तेव्हा कुठे यंत्र जागं झालं, पण आईंचे आकडे आणि औषधाची वेळ दोन्ही नाहीशी झाली होती.

"पण तुम्ही ती काढलीत कशाला?" ताईने अशा सुरात विचारलं की जणू सिस्टरने कोणाच्या अंगावरची शाल ओढली होती.

"ताई, माझी दिवसाला नऊ घरं. प्रत्येक घरातून निघताना हे औषधाने पुसून घ्यावं लागणार. फिल्मच्या कडेखाली घाण बसली तर ती मी एका घरातून दुसऱ्या घरी वाटत फिरणार." तिने पेन काढलं आणि आईंचे आकडे तळहातावर लिहिले. "येते हं आजी."

संध्याकाळी आई म्हणाल्या, "अरे, एकच बंद पडलं ना? त्याला काय एवढं?" ते म्हणाले, "मला दिसलं ते एकच, आई."

शुक्रवारी सकाळी त्यांनी कपाटातल्या वीसही नमुन्यांच्या फिल्म काढल्या. एकालाही काही झालं नाही. पण ते नमुने बोटं लागून लागून चिकट झाले होते, त्यांच्यावरून नव्या यंत्राचं काही सांगता येत नव्हतं. मग ते मॅडमकडे गेले, कालचा प्रकार सांगितला आणि भरलेल्या खोक्यांतली यंत्रं मागितली.

"काका, फिल्म काढलेलं यंत्र नवीन म्हणून देता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"माहिती आहे."

"किती?"

"वीस द्या."

मॅडमने दिली. भाऊजींनी एकेक यंत्र सुरू करून फिल्म काढली. पहिलं चालू, दुसरं चालू, विसावंही चालू. टेबलावर वीस फिल्मचा ढीग झाला आणि खोलीच्या दारात मॅडम फॉर्म घेऊन उभ्या राहिल्या.

"एखादं खराब निघतंच, काका. ते बदलून देऊ. सही करताय ना?"

भाऊजींनी खण उघडला. गुलाबी सात बघितला. मग त्यांनी पेनाऐवजी फोन उचलला.

फोन मला आला. "काल तू तिथेच होतास ना? तिने फिल्म कशी काढली?"

"कशी म्हणजे? काढली."

"अरे, नीट आठव."

"झटक्यात. ओरबाडली म्हणा ना."

ताईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "अहो, तुम्ही कशा काढताय?"

"कशा म्हणजे... जपून."

"जपून! कोपरा उचलून, फुंकर मारून, अर्धा तास लावून, हो ना? मला माहितीये तुम्ही पाकीट कसं फोडता ते. अहो, ती सिस्टर आहे. ती चिकटपट्टी काढतात तशी काढते, केसांसकट."

"आणि दुखतंय का विचारतही नाही!" आई पलंगावरून म्हणाल्या.

भाऊजींनी फोन ठेवला आणि आणखी दहा यंत्रं मागितली. मॅडम स्वतः घेऊन आल्या आणि समोर बसल्या. भाऊजींनी पहिल्याच्या कोपऱ्यात नख घातलं, डोळे मिटले आणि सर्रकन ओढली. चालू. दुसरं, चालू. तिसरं, चालू. चौथ्याचा पडदा काळा झाला.

मॅडमने त्यांच्या हातातून पाचवं घेतलं आणि उरलेल्या सगळ्या फिल्म स्वतः ओढल्या. नववं यंत्र काळं झालं. दहात दोन.

कारण पुढे तासाभरात सापडलं, आणि ते मला कळेल इतकं सोपं होतं. लोकरीचा स्वेटर डोक्यातून झटक्यात काढला की केस उभे राहतात आणि चट्‌ असं काहीतरी चावतं. फिल्म झटक्यात ओढली की पडद्यावर तीच वीज उठते. तिला पळून जायला वाट ठेवलेली नव्हती, म्हणून ती आत घुसायची. हळूच काढली की ती फारशी उठत नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेत ह्याच यंत्राला मुद्दाम विजेचे चटके देऊन तपासलं होतं, पण तिथे पाठवलेले नमुनेही फिल्मसकट गेले होते.

भाऊजी उठले. कपाटाच्या दारावरची लाल शाईची पाटी त्यांनी सोडवली आणि मॅडमसमोर टेबलावर ठेवली.

"हे माझं अक्षर आहे," ते म्हणाले. "चौदा महिने आपण फिल्मची चाचणी घेतली, मॅडम. पडद्याची घेतलीच नाही."

मॅडमने पाटी वाचली. मग हळूच म्हणाल्या, "काका, दहात दोन. तेही झटक्याने ओढली तरच. आपण प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकू. 'फिल्म हळू काढावी.'"

भाऊजींनी पाटीवर बोट ठेवलं. "चिठ्ठी लिहून काय होतं ते हे बघा. इथे ती चौदा महिने पाळली, तिथे नऊ मिनिटंही पाळणार नाहीत. त्या बाईंच्या एका हातात आमच्या आईचा दंड होता."

"उपाय काय?"

"तांब्याची पट्टी. नखाएवढी. पडद्याच्या कडेपासून आतल्या पत्र्यापर्यंत. वीज तिथून निघून जाईल."

"एवढंच?"

"एवढंच. आणि मग..."

"पुन्हा पहिल्यापासून," मॅडम म्हणाल्या.

"सहा आठवडे."

मॅडमने संस्थेला तिथूनच फोन लावला. भाऊजी बाहेर जायला निघाले, तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं. भाऊजींना एकीकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, तिसऱ्यांदा... नाही, तुमच्या सिस्टरची चूक नाही, आमचीच... पाठवू शकते, पण पाठवणार नाही... हो, माझ्या लक्षात आहे काय ठरलं होतं ते." मग खूप वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "शंभर घेतील. दोनशे दुसऱ्या कंपनीकडून."

भाऊजी घरी आले तेव्हा ताईने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी आपणहूनच सगळं सांगितलं, पाटीचंही सांगितलं. जुळणीची ओळ बंद पडली नाही, पण खोकी भरणाऱ्या विभागातल्या सहा जणांना काही महिने दुसरीकडे काम बघावं लागलं. त्यातले चार परत आले, दोन आले नाहीत. मी भाऊजींना म्हणालो की तुम्ही सही केली असती तर तीनशेच्या तीनशे परत आली असती आणि सगळेच घरी बसले असते. "हिशेब बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. पण त्या दोघांचा विषय निघाला की ते अजूनही काहीतरी शोधायला उठतात आणि दुसऱ्या खोलीत जातात.

सहा आठवड्यांचे अर्थातच सात झाले. तांब्याच्या पट्टीने झाकण केसभर उचललं. एका बुधवारी दुपारी भाऊजींनी अकराव्या चौकोनात सही केली. घरी आल्यावर ताईने विचारलं, "झालं?"

"सही केली," भाऊजी म्हणाले. 'झालं' हा शब्द त्यांनी वापरणं सोडलं आहे.

पुढच्या पंधरवड्यात नर्स आली तेव्हा तिच्या बॅगेतून नवं कोरं यंत्र निघालं. मी योगायोगाने तिथे होतो. योगायोगाने म्हणजे, भाऊजींनी फोन करून बोलावलं होतं. स्वतः त्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती. पलंगाच्या पायथ्याशी ते वर्तमानपत्र धरून बसले होते, तेही उलटं.

तिने यंत्र सुरू केलं, आईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडे घातले आणि सर्रकन फिल्म ओढली. ताईने पदर तोंडाशी धरला. मी श्वास रोखला. आईंनीही बहुधा रोखला असावा, कारण सिस्टर म्हणाली, "आजी, श्वास घ्या, नाहीतर प्रेशर चुकीचं येईल."

पडदा उजळलेलाच होता. तिने पुढचं बटण दाबलं, औषधाची वेळ घातली, फडक्याने यंत्र पुसलं, बॅगेत टाकलं. तिचा तळहात स्वच्छ होता.

"काका, बरं नाही का? पेपर उलटा आहे तुमचा," जाता जाता ती म्हणाली, आणि तुरुतुरु निघून गेली. पुढे तिला आठ घरं होती.

"बघितलंस?" भाऊजींनी मला विचारलं.

"काय? काहीच झालं नाही की."

"हां," भाऊजी म्हणाले. पेपर सुलटा करून ते पहिल्यापासून वाचायला लागले.

ताई खाली वाकली. फरशीवर पडलेली फिल्म तिने अलगद उचलली, पदराने पुसली, उजेडात धरून बघितली.

"टाक गं ती," भाऊजी पेपराआडून म्हणाले.

"राहू दे. रिमोटच्या मापाची आहे."